चरित, परिस्थिती आणि 'पात्रता' : विसुद्धिमग्गातील एका प्रकरणाची चिकित्सा

मनुष्याच्या प्रवृत्ती स्वभावातून उद्भवतात की समाजातून, हा प्रश्न केवळ मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातला नाही. वऱ्हाडात तो सरकारी कागदावर येतो. अमरावती वा अकोला जिल्ह्यात शेतकऱ्याने आत्महत्या केली की जिल्हास्तरीय समिती ते प्रकरण शासकीय मदतीस 'पात्र' की 'अपात्र' हे ठरविते. नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा सिद्ध झाला तर प्रकरण पात्र. व्यसन, आजार किंवा घरगुती कलह असे कारण नोंदले गेले तर बहुधा अपात्र. परिस्थितीने मेलेला एका रकान्यात, स्वभावाने मेलेला दुसऱ्या रकान्यात. ही विभागणी धम्मविचाराला मान्य होण्यासारखी आहे काय, हे तपासण्यासाठी पालि साहित्यातील स्वभावविचाराकडे वळणे आवश्यक आहे.

या विषयाचे सर्वांत व्यवस्थित विवेचन इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्गात आढळते. धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेली त्याची देवनागरी आवृत्ती १९४० साली भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली. ग्रंथाच्या तिसऱ्या परिच्छेदात राग, दोस, मोह, सद्धा, बुद्धि आणि वितक्क अशी सहा चरिते सांगितली आहेत. कोणत्या साधकाचे चरित कोणते, हे त्याचे चालणे-बसणे, काम, भोजन, पाहणे इत्यादींवरून ओळखावे असे तेथे म्हटले आहे. झाडलोटीचे उदाहरण तर फार बोलके आहे. रागचरित साधक झाडू नीट धरून, घाई न करता, वाळू न विखुरता स्वच्छ झाडतो. दोसचरित साधक तो घट्ट आवळून कर्कश आवाज करीत, वाळू दोन्ही बाजूंना उडवीत झाडतो. मोहचरिताची पकड सैल असते आणि त्याचे झाडणे ना स्वच्छ, ना सारखे.

हे वर्णन सूक्ष्म आहे. परंतु ते कशासाठी आहे हे विसरता कामा नये. आचार्याने शिष्याला कोणते कम्मट्ठान द्यावे, एवढाच त्याचा हेतू आहे. शिवाय बुद्धघोषांनी स्वतःच त्याला मर्यादा घातली आहे. चरित ओळखण्याची ही रीत सर्वांशाने ना पालीत आली आहे, ना अट्ठकथेत; ती केवळ आचार्यांच्या मतानुसार सांगितली असल्याने तिला सारभूत मानू नये, असे ते स्पष्ट करतात. अप्रमादाने राहणारा दोसचरित साधकही रागचरितासारखे वर्तन करू शकतो, हेही ते मान्य करतात. ज्या आचार्याला परचित्ताचे ज्ञान नाही त्याने शिष्याला विचारावे, असा त्यांचा निर्णय आहे. लक्षणांवरून माणूस वाचण्यापेक्षा माणसाला विचारणे त्यांनी अधिक विश्वसनीय मानले. हा त्यांचा मोठेपणा नि:संशय आहे.

तथापि एका बाबतीत हे प्रकरण अपुरे पडते. चरिताचे कारण काय, या प्रश्नावर बुद्धघोष धातू आणि शारीरिक दोषांचे मत अनिश्चित म्हणून बाजूला सारतात. पण त्याच्या जागी पूर्वजन्मीच्या कर्मानुसार झालेले लोभ, द्वेष, मोहादींचे प्राबल्य पुढे ठेवतात. साधक कोणत्या घरात वाढला, त्याच्या वाट्याला कोणते काम आले, त्याच्यावर कोणाची सत्ता चालली, हे प्रश्न येथे उपस्थितच होत नाहीत. विहारातील साधनेपुरते हे चालून जाईल. विहाराबाहेर, समाजाचा खुलासा म्हणून हाच विचार वापरला तर तो धोक्याचा ठरतो. गुणकर्मावरून वर्ण ठरविणाऱ्यांचा युक्तिवाद याहून फार वेगळा नव्हता. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या प्रबंधात प्लेटोच्या वर्गवारीसह चातुर्वर्ण्यावर नेमका हाच आक्षेप घेतला : माणसांचे गुण इतके विविध असतात की त्यांना मोजक्या ठरीव कप्प्यांत बसविता येत नाही. हा आक्षेप चार कप्प्यांना लागू पडतो, तसा सहा कप्प्यांनाही पडतो.

सुत्तांमध्ये मात्र वेगळी दृष्टी आढळते. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजा निर्धनांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते. दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या आणि पुढे असत्य, अशी अधोगतीची साखळी दाखविली आहे. पहिला चोर पकडला जातो तेव्हा राजा त्याला चोरीचे कारण विचारतो आणि जगणे अशक्य झाल्याचे उत्तर त्याला मिळते. त्याच निकायातील कूटदंत सुत्तात दंडाने चोर संपत नाहीत, असा सल्ला राजाला मिळतो. शेतकऱ्याला बीज, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावे, असा उपाय तेथे सांगितला आहे. कापसाच्या मुलखातील वाचकाला याचे भाष्य करून सांगण्याची गरज नाही.

मग सारे समाजच घडवितो काय? तसेही म्हणता येत नाही. याच भूमीतील गाडगेबाबांचे जीवन याबाबत तपासण्यासारखे आहे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात जन्मलेल्या डेबूचे वडील दारूच्या व्यसनाने गेले. बालपण अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामाकडे गेले आणि त्या मामाची जमीन सावकाराने गिळली, असे चरित्रकार सांगतात. आजच्या भाषेत बोलायचे तर एकाच कुटुंबात वडील 'अपात्र' आणि मामा 'पात्र'. प्रत्यक्षात दारू आणि कर्ज या दोन गोष्टी त्या घरात शेजारी-शेजारी नांदत होत्या आणि एकीला दुसरीपासून तोडून पाहणे शक्य नव्हते.

त्याच परिस्थितीत डेबूने मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मांस-दारूची पंगत न देता गोडाचे जेवण वाढले. १९०५ साली घर सोडल्यावर हाती झाडू घेतला, कीर्तनातून श्रोत्यांना प्रश्न विचारीत दारू, कर्ज, पशुहत्या आणि अस्पृश्यतेवर प्रहार केले. भाविक कथनात याचे कारण उपजत वैराग्य असे दिले जाते. या खुलाशाने वडिलांचे मरण आणि मामाची जमीन या दोन्ही गोष्टी निरर्थक ठरतात. उलट, परिस्थितीनेच त्यांना घडविले असे म्हणावे, तर त्याच परिस्थितीतील इतर शेकडो डेबू गाडगेबाबा का झाले नाहीत, याचे उत्तर मिळत नाही. परिस्थिती हा प्रत्यय आहे. चेतना हाही प्रत्यय आहे. अनेक प्रत्ययांच्या योगाने फळ निष्पन्न होते, हाच पटिच्चसमुप्पादाच्या विचाराचा व्यवहारातील अर्थ होय.

या दोन प्रत्ययांना जोडणारा दुवा म्हणजे कल्याणमित्रता. ती ब्रह्मचर्याचा अर्धा भाग आहे असे आनंद म्हणाले, तेव्हा ती संपूर्ण ब्रह्मचर्य आहे, अशी दुरुस्ती तथागतांनी केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती देताना कोणाचेही चरित तपासले गेले नाही. प्रतिज्ञा प्रत्येकाने स्वतःच्या चेतनेने घेतली. पण सर्वांनी मिळून घेतली, म्हणून ती पाळणाऱ्याला शेजारी सोबती मिळाला. व्यक्ती आणि समाज दोहोंना एकाच वेळी हात घालणारी ही रीत आहे.

म्हणून आत्महत्येच्या अहवालात 'व्यसनी' हा शब्द लिहून चौकशी संपविणे धम्मदृष्टीने असमर्थनीय आहे. व्यसन हे उत्तर नव्हे. ते कोणत्या प्रत्ययांनी आले, हा पुढचा प्रश्न आहे. मृताला आता विचारता येत नाही, परंतु त्याच्या घरच्यांना विचारता येते. आपल्या विहारांतूनही दारू सुटत नसलेल्या बांधवाला आपण प्रतिज्ञेची आठवण देतो, ते योग्यच आहे. परंतु त्याचे शेत, त्याचे कर्ज आणि त्याची सोबत यांची विचारपूस आपण तितक्याच आस्थेने करतो काय, याचा विचार प्रत्येक उपासक-उपासिकेने करावा. तो केल्याविना त्याच्यावर चरिताचा शिक्का मारण्याचा अधिकार बुद्धघोषांनी आपल्याला दिलेला नाही, आणि बाबासाहेबांनी तर मुळीच नाही.