चाळीचे स्मरणरंजन : एक टिपण

मुंबईतील चाळी पाडल्या जाऊ लागल्यापासून तेथील बालपणाच्या आठवणींचे लेखन विपुल झाले आहे. ‘स्मरणरंजन’ या संज्ञेतील रंजन म्हणजे केवळ सुखविणे नव्हे, रंगविणेही होय. या लेखनाची परीक्षा तेथेच करावी लागते.

वरळीच्या बी. डी. डी. चाळींचे उदाहरण घ्यावे. १९२० च्या दशकातील या चाळींत खोली १६० चौरस फुटांची, शौचकूप सामायिक. खोलीत न मावणारा संसार साहजिकच बाहेर येई व त्यातून शेजार घडे. आठवणींत शेजार उरतो. त्याला जन्म देणारी अडचण गळून पडते. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. त्यांच्या समाधानाला गतकाळाच्या ओढीने उणे लेखणे अन्यायाचे ठरेल.

साहित्यात या दोन्ही बाजू आढळतात. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मधील पांढरपेशा बिऱ्हाडांचे हास्यचित्र अखेरच्या चिंतनात व्याकुळ होते. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात, १९८२ च्या संपानंतरच्या गिरणी कामगाराच्या घरात, तीच दाटी माणसांना घुसमटविते.

म्हणून आठवण खोटी ठरत नाही. इमारत नव्याने बांधून देता येते, शेजार देता येत नाही, हे सांगण्याचा अधिकार आठवणीलाच आहे. मात्र शौचकूपापुढील पहाटेची रांग जिने वगळली नाही, अशाच आठवणीला तो पोहोचतो.