समुद्रतळालाही पावसाळा असतो

रेचल कार्सन यांचे ‘द सी अराउंड अस’ हे पुस्तक १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. सामान्य वाचकाला सागरविज्ञान कसे सांगावे, याचा ते आजही वस्तुपाठ आहे. त्यातील ‘द लाँग स्नोफॉल’ हे प्रकरण विज्ञानशिक्षकांनी अवश्य वाचावे. सूक्ष्म जीवांची कवचे, धूळ, माती यांचे कण समुद्रात अखंड खाली झरत असतात आणि त्यांच्या थरांतून पृथ्वीचा इतिहास वाचता येतो, ही कल्पना तेथे फार सुरेख मांडली आहे.

मात्र हे प्रकरण जसेच्या तसे वर्गात सांगितले, तर युगानुयुगे एकाच संथ गतीने चाललेला वर्षाव एवढेच चित्र विद्यार्थ्यांच्या मनात उरते. या वर्षावाकडे लेखिका मुख्यतः भूवैज्ञानिकाच्या नजरेने पाहते. तळावरच्या प्राण्यांसाठी तो इतिहास नसून रोजची भाकरी आहे. आणि ती बाराही महिने सारखी मिळत नाही.

लेखिकेला यासाठी दोष देता येणार नाही, कारण मोजमाप नंतर झाले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी जर्मन शास्त्रज्ञांच्या सहकार्याने १९८६ पासून अरबी समुद्रात नरसाळ्याच्या आकाराचे सापळे खोलवर टांगले. १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आले : तीन हजार मीटर खोलीवरही कणांचा वर्षाव मोसमी वाऱ्यांबरोबर वाढतो. नैर्ऋत्य वाऱ्यामुळे ओमान, सोमालियाच्या किनाऱ्यालगत खालचे पोषक पाणी वर येते, वनस्पतिप्लवक फोफावतात आणि त्यांचे अवशेष काही आठवड्यांत तळ गाठतात. आपल्या मालदांडी ज्वारीची ओल ज्या वाऱ्यावर अवलंबून असते, तोच वारा तळावरच्या कृमी, कवचधारी आणि समुद्रकाकड्यांची शिदोरी ठरवतो.

ही शिदोरी तुटपुंजीच असते. पृष्ठभागावर तयार झालेल्या अन्नापैकी बहुतेक वाटेतच संपते. अगदी थोडा भाग तळाशी पोचतो. म्हणून खोल तळावर प्राणी विरळ आणि बहुतांशी लहान असतात. पण ‘अन्न जास्त, तर जीवनही समृद्ध’ असे सरळ समीकरणही चालत नाही. अवशेष कुजताना प्राणवायू खर्च होतो. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीवर तो अत्यंत कमी आहे. हे पाणी जेथे उताराला टेकते, तेथे अन्न भरपूर असूनही मोजक्याच जाती टिकतात.

हवामान बदलले, की वरचे पीक बदलते आणि खालची पंगतही. कसे बदलते, यावर मात्र मतभेद आहेत. २००५ मधील एका अभ्यासाने अरबी समुद्राची उत्पादकता वाढत असल्याचे सांगितले. तर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये झालेल्या अभ्यासाने पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घट दाखवली. पाहिलेला काळ वेगळा, म्हणून उत्तरही वेगळे. विद्यार्थ्यांपुढे हा मतभेद लपवू नये. मोजमाप किती काळाचे आहे हे विचारण्याची सवय त्यातूनच लागते.

तेव्हा कार्सन यांचे पुस्तक ग्रंथालयात हवेच. पण ‘लाँग स्नोफॉल’ वाचून झाल्यावर शिक्षकांनी एक प्रश्न जरूर विचारावा : या हिमवर्षावावर कोण जगते आणि पाऊस लांबला तर त्यांचे काय होते?