भिक्खुणीची उपसंपदा आणि पहिला गरुधम्म

मघाशी ‘शाक्यधीता’चा उल्लेख झाला. शाक्यधीता म्हणजे बुद्धाच्या लेकी. १९८७ साली बोधगयेला अय्या खेमा, कर्मा लेक्शे त्सोमो, थायलंडच्या चात्सुमार्न कबिलसिंह यांच्या पुढाकाराने ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न उपसंपदेचा.

विनय सांगतो, स्त्रीला उपसंपदा भिक्खुणीसंघ आणि भिक्खुसंघ, दोघांनीही द्यायची. श्रीलंकेतला भिक्खुणीसंघ साधारण अकराव्या शतकात लोपला. मग थेरवादी भिक्खू म्हणू लागले, भिक्खुणी उरल्याच नाहीत तर नवी होणार कशी? वाट बंद! आता गंमत बघा. पाचव्या शतकात श्रीलंकेच्याच भिक्खुणी समुद्र ओलांडून चीनला गेल्या होत्या, तिथल्या स्त्रियांना त्यांनी उपसंपदा दिली होती. १९९८मध्ये बोधगयेला चिनी परंपरेतल्या भिक्खुणींच्या साहाय्याने श्रीलंकेच्या स्त्रियांना उपसंपदा मिळाली. म्हणजे माहेरचं देणं माहेरी परत आलं. तरी आक्षेप उरलाच: चीनचा विनय धर्मगुप्तकांचा, आपला थेरवाद्यांचा.

माझी तक्रार इथे आहे. चळवळीची बरीच शक्ती वंशावळ सिद्ध करण्यात गेली. पण उपसंपदा मिळाली तरी पहिला गरुधम्म शिल्लक राहतोच ना? शंभर वर्षांच्या भिक्खुणीनेही आजच उपसंपदा घेतलेल्या भिक्खूला वंदन करायचं.

बाबासाहेबांनी १९५१मध्ये ‘महाबोधि’ नियतकालिकात हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर लेख लिहिला. महापरिनिब्बान सुत्तातला, स्त्रियांशी कसं वागावं हा आनंदाचा संवाद मागाहून घुसडलेला आहे, असं त्यांनी त्यात ठामपणे मांडलं. ग्रंथालाच प्रश्न विचारायचा हा धीटपणा मला फार मोलाचा वाटतो. पण भिक्खुणीसंघ भिक्खूंच्या अधीन का, याचं त्यांनी दिलेलं कारण व्यावहारिक आहे: नवख्या स्त्रियांना शिकवायला कुणीतरी जाणतं हवं. हे मात्र मला, आदर राखूनच सांगतो, पुरेसं वाटत नाही. शिक्षणाचाच प्रश्न असेल तर काल आलेल्या पोराला शंभर वर्षांची थेरी का वाकेल? तिथे कोण कुणाला शिकवणार?

आता दुसरी बाजूही बघू. या बायकांनी गरुधम्म जाहीरपणे झुगारले असते, तर त्यांच्या बाजूने किती भिक्खू उभे राहिले असते? थायलंडमध्ये १९२८च्या संघादेशाने स्त्रियांना दीक्षा द्यायलाच भिक्खूंना मनाई केली. म्हणून कबिलसिंह यांना २००३मध्ये उपसंपदेसाठी श्रीलंकेला जावं लागलं. धम्मानंदा होऊन त्या मायदेशी परतल्या, आणि तिथल्या संघाने त्यांना भिक्खुणी म्हणून मान्यता दिली नाही.