नागमोडी टाक्याची गोधडी

गणेशोत्सवातल्या प्रदर्शनात आपल्या मंडळातल्या काकूंच्या गोधड्या पाहून बऱ्याच जणांना वाटलं, ही वेलबुट्टी एखाद्या नव्या कॉम्प्युटरवाल्या मशीनची असणार. प्रत्यक्षात ती आहे सिंगर ४०१ए या मशीनची. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे मॉडेल अमेरिकेतल्या घराघरांत आलं. नावातला ‘ए’ म्हणजे साउथ कॅरोलायनातला अँडरसनचा कारखाना. काकूंनी ते मशीन इथे परदेशातच एका गराज सेलमधून घेतलं आणि तेव्हापासून त्यावर जुनी लुगडी, साड्या, नातवंडांचे आखूड झालेले कपडे यांना नवं आयुष्य मिळतंय.

आपल्याकडच्या घरांतलं काळं पायमशीन सरळ टीप मारायचं, तेवढंच. ४०१ए सारख्या झिगझॅग मशीनची सुई मात्र टाके घालताना डावी-उजवीकडेही झुलते. आत चकत्या असतात, त्यांच्या कडा उंचसखल कापलेल्या. कडेवरून एक लोखंडी बोट फिरतं. उंचवटा आला की सुई एकीकडे, खळगा आला की दुसरीकडे. चकती बदलली की नक्षी बदलते. ४०१ मध्ये काही चकत्या आतच बसवलेल्या असतात, काही वरून झाकण उघडून घालायच्या. सगळा खेळ चकत्यांचा आणि दात्यांच्या चाकांचा. म्हणूनच वेळच्या वेळी तेल मिळालं की इतक्या वर्षांनंतरही ते बिनतक्रार चालतं.

पण गोधडीला झिगझॅग हवा कशाला? वापरून विरलेल्या सुती लुगड्यावर सरळ टीप मारली आणि ताण आला, की कापड नेमकं त्या टिपेच्या रेषेवर फाटतं. झिगझॅगचा नागमोडी टाका तोच ताण पट्टीभर पसरवतो आणि कापडाबरोबर थोडा ताणलाही जातो. इथे गोधडी उन्हात वाळत नाही, वॉशिंग मशीन आणि ड्रायरमधून जाते. तिथे हा फरक फार मोठा ठरतो.

काकूंचं खरं कसब मात्र तपशिलात आहे. तुकडे सरळ टिपेने जोडताना त्या सुईखालची रुंद फटीची पट्टी काढून एकाच भोकाची पट्टी बसवतात, नाहीतर तुकड्याचा कोपरा फटीत ओढला जातो. थर सरकू नयेत म्हणून आधी हाताने लांब कच्चे टाके. नक्षीच्या टाक्याखाली पातळ कागद, म्हणजे चुण्या पडत नाहीत. शिवून झालं की कागद फाडून काढायचा. पैठणीचा काठ जोडताना जरीवर सुई त्या पडूच देत नाहीत. टाका काठाच्या अगदी लगत, पण बाहेर. जरीची तार एकदा सुईने तुटली की काठ हळूहळू उसवत जातो. इतक्या बारकाईने जुन्या वस्त्राचा मान राखणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही.

मशीनवरची गोधडी ही गोधडीच नव्हे, असं म्हणणारेही आहेत. कडेकडेने आत आत जाणाऱ्या हातच्या धावदोऱ्याचा मऊपणा मशीनच्या टिपेला येत नाही, हे मलाही मान्य आहे. काकूही ते जाणतात. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला मधोमध त्या अजून हातानेच धावदोरा घालतात, मशीन फक्त काठाला. मात्र मोठ्या पलंगाची गोधडी हातानेच शिवायची म्हटली असती, तर नोकरी, घर आणि हिवाळा सांभाळत त्यांच्याकडून ती पुरी झाली नसती, आणि इथे वाढलेल्या मुलांनी आजीच्या लुगड्याचा स्पर्श कधी अनुभवला नसता. माझ्या लेखी त्यांनी गोधडी इथे रुजवली ती या मशीनच्या बळावर, आणि त्याबद्दल आपण सगळे त्यांचे ऋणी आहोत.

आता त्या शनिवारी सकाळी गोधडी शिवायला शिकवतात. मुलीच नाहीत, दोन मुलगेही येतात. मशीन कमी पडतात. कुणाच्या बेसमेंटमध्ये जुनं झिगझॅग मशीन पडून असेल तर ते टाकू नका. आधी हाताने चाक फिरवून बघा. जड लागलं तरी घाबरू नका, बहुतेक वेळा आतलं जुनं तेल घट्ट झालेलं असतं. आणि पेटीत नक्षीच्या चकत्या असतील तर त्याही सोबत आणा.