११ ते ६

रांगोळीच्या पुस्तकात चित्राखाली दोनच आकडे असतात: ‘११ ते ६’. ज्यांच्या घरी ठिपक्यांची रांगोळी काढतात, त्यांना एवढं पुरतं. मधली ओळ ११ ठिपक्यांची, मग वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक ठिपका कमी, शेवटची ओळ ६ ची. एकूण ९१ ठिपके, षटकोनी मांडणी. मी कोड लिहून पोट भरतो. इतक्या थोडक्यात लिहिलेलं स्पेसिफिकेशन मला नोकरीत अजून मिळालेलं नाही.

गेल्या दिवाळीआधी मी हे ९१ ठिपके इंकस्केपमध्ये मांडायला बसलो. कारण घरगुती होतं. आमचं घर बीड जिल्ह्यात, माजलगावजवळच्या खेड्यात. आजीला जाऊन तीन वर्षं झाली आणि तिच्या रांगोळीचा एकच धड फोटो मोबाइलमध्ये राहिलाय. आई म्हणाली, “तेवढ्या एकीचा मला ठिपक्याचा कागद करून दे.” म्हणजे उदबत्तीनं भोकं पाडलेला कागद. अंगणात ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची, ठिपके तयार. आजीनं तो कधी वापरला नाही.

इंकस्केप हे २००३ मध्ये सोडिपोडी या प्रोग्रॅमपासून वेगळं झालेलं फुकट सॉफ्टवेअर. त्यात ‘क्रिएट टाइल्ड क्लोन्स’ नावाची खिडकी आहे. तिच्यात सिमेट्रीचे १७ पर्याय दिसतात, आणि ते १७ च का, याला गणिती आधार आहे. सपाट पृष्ठभागावर नक्षी दोन दिशांना पुन्हापुन्हा भरायच्या रीती बरोबर १७ आहेत, हे फेदोरोव्हनं १८९१ मध्ये सिद्ध केलं. एका फुकट खिडकीत एवढं गणित पूर्ण बसवलंय, याचं मला खरंच कौतुक आहे. आजीच्या ठिपक्यांची जाळी त्यातल्या ‘पी६एम’ची.

माझी पहिली कुरबूर किरकोळ आहे. तिथं अंतर टक्क्यांत सांगावं लागतं, आणि टक्के मोजले जातात त्या वस्तूच्याच आकारावर. ठिपका २ मिलिमीटरचा असेल तर ५० टक्के म्हणजे फक्त १ मिलिमीटर. दोन ठिपक्यांत २० मिलिमीटर हवे असतील तर ९०० टक्के लिहा. ठिपका मोठा केला की अंतराचं गणित पुन्हा करायचं. आजी अंतर बोटांनी धरायची. ठिपका बारीक पडो की जाड, बोटं तेवढीच.

दुसरी तक्रार मोठी आहे. फोटोत डावीकडची सात अंतरं साधारण ५ सेंटिमीटरची होती, उजवीकडची तीन ४ च्या आसपास. मी ती चूक समजलो. सगळीकडे ५ सेंटिमीटर केले. फार कोरडं दिसायला लागलं, म्हणून त्याच खिडकीतलं ‘रँडमाइझ’ वापरलं. हे प्रत्येक ठिपका थोडा इकडेतिकडे हलवतं, म्हणजे हातानं काढल्यासारखं वाटावं. तसं वाटलं नाही. पाकळ्या थरथरल्यासारख्या दिसत होत्या.

कारण कळायला मला एक संध्याकाळ लागली. सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपक्याची जागा पहिल्या ठिपक्यापासून स्वतंत्र काढतं: कितवी ओळ, कितवा रकाना, गुणिले अंतर. शेजारच्या ठिपक्याचं काय झालं, हे त्याला बघावंच लागत नाही. आजी आधी मधली ओळ टाकायची, मग वरचा ठिपका खालच्या दोघांच्या मधोमध. मधल्या ओळीत जागा आवळली की वरच्या सगळ्या ओळी तिच्याबरोबर आवळतात आणि फूल एकसंध राहतं. हाताची चूक वारशानं पुढं जाते. ‘रँडमाइझ’मधली चूक अनाथ असते.

शेवटी सरळ, बिनचूक जाळी छापून गावी पाठवली. आईचा व्हिडिओ कॉल आला.

“काय करायलास रे? हे बसंना इथं. वृंदावनावर चढायलंय.”

१० अंतरं, प्रत्येकी ५ सेंटिमीटर, म्हणजे ५०. आजीची ओळ होती ४७ ची. उंबऱ्याच्या बाजूनं सुरुवात करून ती तुळशीपाशी पोचायची, आणि जागा संपतेय हे शेवटच्या तीन ठिपक्यांआधी ओळखायची. मी चूक म्हणून पुसलं, ते आमच्या अंगणाचं माप होतं. त्या १७ रीती अमर्याद पृष्ठभाग गृहीत धरतात. वॉलपेपरला वृंदावन आडवं येत नाही.

मग मी क्लोन्स पुसले आणि छोटी स्क्रिप्ट लिहिली. तिला फक्त मधल्या ओळीची १० अंतरं द्यायची. बाकीचे ८० ठिपके शेजारच्या दोघांना बघून जागा घेतात. ‘रँडमाइझ’ बंद ठेवूनही फोटोतलीच रांगोळी उमटली. नवा कागद अंगणात नीट बसला. तेवढ्यात आईनं सांगितलं, उन्हाळ्यात फरशी बसवायची आहे, वृंदावन दुसरीकडे जाईल.

म्हणजे १० आकडे पुन्हा बदलणार. तेव्हा मी ते रांगोळीचं पुस्तक पुन्हा उघडलं. अंतर कुठंच लिहिलेलं नाही. माझं सॉफ्टवेअर आधी अंतर विचारतं. पुस्तक ते ज्याच्या त्याच्या अंगणावर सोडतं.