सार्वजनिक आरोग्यातील शारीरिक सक्रियतेचा प्रसार आणि व्यावसायिक प्रमाणपत्र : एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : दिघाशी, ता. भिवंडी, जि. ठाणे)

सारांश

असंसर्गजन्य रोगांच्या वाढत्या प्रमाणामुळे शारीरिक सक्रियतेचा प्रसार हे सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र कार्यक्षेत्र बनले आहे. या कार्यासाठी पात्र व्यक्ती कोण आणि ती पात्रता कोणत्या प्रमाणपत्राने सिद्ध व्हावी, या प्रश्नाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. महाराष्ट्रातील व्यायामप्रशिक्षणाची परंपरा समृद्ध असली, तरी तिच्यातील प्रमाणपत्रे शाळा, आखाडा व योगवर्ग यांच्यासाठी आहेत. गावाच्या आरोग्यासाठी नाहीत, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : शारीरिक सक्रियता, सार्वजनिक आरोग्य, व्यावसायिक प्रमाणपत्र, आशा स्वयंसेविका, ग्रामीण श्रम.

प्रस्तावना

व्यायाम आणि शारीरिक सक्रियता या दोन संज्ञा मराठीत पुष्कळदा समानार्थी वापरल्या जातात. शास्त्रीयदृष्ट्या त्या तशा नाहीत. व्यायाम हा हेतुपुरस्सर, नियोजित व पुनरावर्ती असतो. शारीरिक सक्रियतेत मात्र शेतातील काम, पाणी भरणे, बाजारापर्यंत चालत जाणे आणि मुलांचे खेळ या साऱ्यांचा समावेश होतो. या भेदातूनच दुसरा भेद निष्पन्न होतो. व्यायाम शिकविणारा एका व्यक्तीकडे अथवा एका वर्गाकडे पाहतो, तर सक्रियतेचा प्रसार करणाऱ्याला संपूर्ण वस्तीकडे पाहावे लागते. पहिल्याचे साधन शरीरशास्त्र आहे. दुसऱ्याला शरीरशास्त्राबरोबर समाजशास्त्र, नियोजन आणि स्थानिक प्रशासन यांचेही भान आवश्यक ठरते.

प्रश्नाचे गांभीर्य आकडेवारीवरून स्पष्ट होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष महाराष्ट्रासह चार प्रदेशांवर आधारित होते. त्यांनुसार ५४.४ टक्के व्यक्ती अपुऱ्या सक्रिय आढळल्या. शहरी भागात हे प्रमाण ६५ टक्के व ग्रामीण भागात ५० टक्के होते. खेड्यातील माणूस कष्टाळू असतो, म्हणून त्याला या विषयाची गरज नाही, हा रूढ समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

महाराष्ट्रातील प्रशिक्षणाची परंपरा

व्यायामाच्या प्रसारासाठी प्रशिक्षित माणसे घडवावीत, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. लोणावळ्याचे कैवल्यधाम आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ या दोन्ही संस्था १९२४ मध्ये उभ्या राहिल्या. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात लोकनियुक्त सरकार आल्यानंतर स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षण समिती नेमण्यात आली आणि १९३८ मध्ये कांदिवली येथे प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तालमीतील वस्तादाची जागा प्रमाणपत्रधारक शिक्षकाने घेण्याची प्रक्रिया येथे शासनमान्य झाली.

या प्रक्रियेचे श्रेय मान्य करूनही तिची दिशा तपासणे आवश्यक आहे. वस्तादाला कागदी पात्रता नव्हती. परंतु तो गावाचा होता आणि गावातील कोणता मुलगा तालमीत येत नाही, हे त्याला ठाऊक असे. अर्थात, त्याच्या तालमीत स्त्रियांना प्रवेश नव्हता आणि जातीच्या भिंतीही सर्वत्र ओलांडल्या गेल्या नव्हत्या; म्हणून त्या व्यवस्थेचे गौरवीकरण करता येत नाही. प्रमाणपत्रधारक शिक्षकाने मुलींना व सर्व समाजगटांना मैदानावर आणले, ही मोठी सामाजिक प्राप्ती होय. मात्र त्याचे कार्यक्षेत्र शाळेच्या कुंपणापर्यंत सीमित झाले. १९९३ च्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद अधिनियमाच्या कक्षेत बी.पी.एड. ही शिक्षक-प्रशिक्षणाची पदवी ठरली. २०१४ च्या नियमावलीने ती दोन वर्षांची केली. अभ्यासक्रमाची मुदत वाढली, पण पदवीधारकाचा विद्यार्थी तोच राहिला. पंचेचाळीस वर्षांची, रक्तदाब असलेली स्त्री या पदवीच्या दृष्टिपथात येत नाही.

प्रचलित प्रमाणपत्रांची चिकित्सा

जागतिक पातळीवर या उणिवेचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिन या संस्थेने केला. सार्वजनिक आरोग्यातील शारीरिक सक्रियतेचा तज्ज्ञ अशी स्वतंत्र व्यावसायिक ओळख देणारी परीक्षा या संस्थेने संबंधित व्यावसायिकांच्या संघटनेसह तयार केली. तिच्या आराखड्यात व्यायामशास्त्र हा अनेक घटकांपैकी केवळ एक होता. भागीदारी उभारणे, नियोजन व मूल्यमापन आणि उपक्रमांची आखणी यांना त्यात स्वतंत्र स्थान होते. ‘व्यायाम कसा करावा’ याऐवजी ‘लोक सक्रिय का राहू शकत नाहीत’ हा प्रश्न व्यवसायाच्या केंद्रस्थानी आणणे, हे या आराखड्याचे खरे योगदान होय. त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. पदवी ही त्याची किमान अट होती आणि आरोग्य विभागात अशा तज्ज्ञासाठी पद अस्तित्वात आहे, हे त्यात गृहीत होते. भारतीय खेड्यात ही दोन्ही गृहीतके लागू पडत नाहीत.

भारतात २०१५ मध्ये योग व्यावसायिकांच्या ऐच्छिक प्रमाणीकरणाची योजना भारतीय गुणवत्ता परिषदेमार्फत सुरू झाली. पुढे २०१८ मध्ये आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत योग प्रमाणन मंडळ अस्तित्वात आले. पदवीवाचून प्राप्त केलेले कौशल्यही परीक्षेद्वारे मान्य करणे, हा या योजनेचा स्वागतार्ह विशेष आहे. तथापि येथेही प्रमाणित होते ती शिकविण्याची क्षमता. वर्गाला जो आला त्याला योग्य रीतीने शिकविणे, एवढीच अपेक्षा या प्रमाणपत्रातून पूर्ण होते. जो आला नाही त्याचे काय, हा सार्वजनिक आरोग्याचा मूळ प्रश्न अनुत्तरित राहतो. शहरी व्यायामशाळांतील प्रशिक्षकांसाठी असलेल्या कौशल्य-प्रमाणपत्रांबाबतही हेच म्हणता येते. तेथे तर येणारा ग्राहक असतो आणि न येणारा हिशेबातच नसतो.

दिघाशीची कसोटी

कोणत्याही प्रमाणपत्राची उपयुक्तता शेवटी एखाद्या गावातच सिद्ध व्हावी लागते. भिवंडी तालुक्यातील दिघाशी हे गाव या दृष्टीने विचारात घेता येईल. या तालुक्याला दोन अर्थव्यवस्था लाभल्या आहेत. एका बाजूला राब भाजणे, आवणी, कापणी व झोडणी या क्रमाने चालणारी भातशेती आहे, तर दुसऱ्या बाजूला भिवंडी शहरातील यंत्रमाग व शहराभोवती पसरलेली गोदामे आहेत. भातशेतीतील श्रम ऋतुमानानुसार कमालीचे बदलतात. आवणीच्या दिवसांत स्त्रिया तासन्‌तास चिखलात वाकून काम करतात. केवळ पावसाच्या पाण्यावर पिकणाऱ्या जमिनीत कापणीनंतर काम फारसे उरत नाही. यंत्रमागावरील अथवा गोदामातील कामगार दीर्घ पाळीत उभा राहतो वा ओझी उचलतो, आणि उरलेला वेळ विश्रांतीला अपुरा पडतो.

आता शासकीय यंत्रणा या गावाला कोणता प्रश्न विचारते ते पाहू. आशा स्वयंसेविका तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी जो समुदाय-आधारित मूल्यांकन तक्ता भरते, त्यात वय, तंबाखू, मद्यपान, कमरेचा घेर व कौटुंबिक इतिहास यांबरोबर शारीरिक सक्रियतेचाही प्रश्न आहे. आठवड्यातून किमान १५० मिनिटे शारीरिक हालचाल होते किंवा नाही, एवढेच त्यात विचारलेले असते. ‘होय’ या उत्तराला शून्य व ‘नाही’ या उत्तराला एक गुण मिळतो. एकूण गुण चारपेक्षा अधिक झाल्यास त्या व्यक्तीची प्राधान्याने तपासणी व्हावी, असा संकेत आहे.

हा प्रश्न वरकरणी सोपा आहे. उत्तर मात्र अवघड आहे. आषाढात विचारल्यास आवणी करणारी स्त्री ‘होय’ म्हणेल, फाल्गुनात विचारल्यास कदाचित ‘नाही’. ओझी वाहणाऱ्या कामगाराचे उत्तर बाराही महिने ‘होय’ असेल. पण ते त्याच्या आरोग्याची हमी देते काय? १९५३ मध्ये जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बसगाड्यांतील चालक व वाहक यांची तुलना केली, तेव्हा सतत चढ-उतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. त्यावरून कामातील हालचाल हितकारक असल्याचा निष्कर्ष निघाला. नंतरच्या संशोधनाने त्याला महत्त्वाची पुरवणी जोडली. विश्रांतीविना दीर्घकाळ उभे राहणे किंवा ओझी उचलणे यांपासून फावल्या वेळातील हालचालीइतका लाभ मिळतोच असे नाही. काही अभ्यासांत तर अपायच दिसून आला. म्हणजेच एक गुण देताना वा न देताना श्रमाचे स्वरूप, ऋतू आणि विश्रांती यांचा विचार करणारी व्यक्ती तेथे हवी. हा विचार करण्याचे प्रशिक्षण बी.पी.एड. देत नाही, योगाचे प्रमाणपत्र देत नाही. आणि आशा स्वयंसेविकेला तक्ता मिळतो, त्यामागील शास्त्र पुरेसे मिळत नाही.

सल्ल्याचेही तसेच आहे. ‘रोज तीस मिनिटे चाला’ हे वाक्य दिवसभर वाकून आलेल्या स्त्रीला सांगणे अनुचित होय; तिची गरज पाठीच्या आरामाची व स्नायूंच्या बळकटीची असू शकते. रुंद झालेल्या रस्त्यावर अवजड वाहने धावत असताना मुलांना शाळेत चालत पाठवा, असे सांगणेही पोकळ ठरते. तेथे सल्ल्याआधी सुरक्षित पायवाट लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ ते २०३० या कालावधीच्या कृती आराखड्यात सक्रिय समाज, सक्रिय परिसर, सक्रिय व्यक्ती आणि सक्रिय व्यवस्था ही चार उद्दिष्टे सांगितली आहेत. आपली प्रमाणपत्रे त्यांपैकी केवळ तिसऱ्याभोवती फिरतात.

आक्षेप आणि विचार

येथे एक आक्षेप संभवतो. चालणे, खेळणे यांसारख्या सहज गोष्टींसाठीही प्रमाणपत्रधारक नेमल्यास समाजाचे स्वावलंबन संपेल आणि लोकव्यवहार मूठभर व्यावसायिकांच्या हाती जाईल, असे म्हणता येईल. हा आक्षेप निराधार नाही. परंतु प्रमाणपत्राच्या अभावाचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आठवीपर्यंतचे शिक्षण ही पात्रता धरून निवडलेल्या आशा स्वयंसेविकेवर कालांतराने अनेक कामे सोपविली गेली. प्रत्येक नवे काम तिच्या कौशल्यात भर घालते. पण त्या कौशल्याला नाव नसल्याने मोलही मिळत नाही. प्रमाणपत्र हे येथे मक्तेदारीचे साधन न ठरता श्रमाच्या मान्यतेचे साधन ठरू शकते.

मात्र त्यासाठी प्रमाणपत्रामागे पद हवे. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा दाखला या संदर्भात मननीय आहे. सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या परिचारिका व आयुर्वेद पदवीधरांना उपकेंद्रात निश्चित जागा मिळाली, म्हणून त्या प्रमाणपत्राला अर्थ प्राप्त झाला. याउलट, शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या शंभरांहून अधिक पट असलेल्या शाळांत आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी केवळ अंशकालीन निदेशकाची तरतूद केली आणि पदवीधारक शारीरिक शिक्षकाचे भवितव्य अनिश्चित राहिले. पद नसलेली पात्रता ही सुशिक्षित बेकारीची दुसरी पायरी होय.

अपेक्षित स्वरूप

उपर्युक्त विवेचनावरून अशा प्रमाणपत्राची काही लक्षणे सांगता येतील. ते स्तरबद्ध असावे. आशा स्वयंसेविका, शारीरिक शिक्षक आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांना आपापल्या स्तरावरून त्यात प्रवेश मिळावा. अध्यापनाचे माध्यम मराठी असावे आणि परीक्षा लेखी उत्तरांपुरती न राहता एका गावाच्या वर्षभराच्या श्रम-दिनदर्शिकेवर आधारित असावी. अभ्यासक्रमात जोखमीच्या व्यक्तीला वैद्यकीय अधिकाऱ्याकडे केव्हा पाठवावे याचे स्पष्ट ज्ञान असावे. ग्राम आरोग्य समितीत आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात पायवाट, मैदान, दिवाबत्ती यांची मागणी कशी मांडावी, याचेही शिक्षण त्यात असावे. ग्रामीण महाविद्यालयांतील शारीरिक शिक्षण, समाजशास्त्र व भूगोल विभागांनी एकत्र येऊन हे काम हाती घेणे शक्य आहे.

समारोप

महाराष्ट्राने गेल्या शतकात व्यायामाचा शिक्षक घडविला आणि त्याला शाळेत प्रतिष्ठा दिली. आता गरज आहे ती गावाच्या हालचालीचा अभ्यास करणाऱ्या कार्यकर्त्याची. प्रचलित प्रमाणपत्रे वर्गात आलेल्यांसाठी आहेत. सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी न आलेल्यांपासून सुरू होते. दिघाशीतील एखाद्या घराच्या ओटीवर बसून तक्त्यातील तो एक प्रश्न विचारणाऱ्या स्त्रीला उत्तराचा अर्थ लावण्याचे ज्ञान, त्यानुसार कृती करण्याचा अधिकार आणि त्या कामाचा मोबदला मिळतो काय, हीच या क्षेत्रातील कोणत्याही प्रमाणपत्राची खरी परीक्षा होय.