जुन्या मोबाइलचा संग्रह: वस्तू उरते, जग जातं



विषय वाचून काहींनी विचारलं, ‘सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता मोबाइलवर काय बोलणार?’ त्याचं कारण सांगतो. दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी मला त्याच्या पुण्याच्या घरी घेऊन गेला. मूळचा आपल्या आष्टीचाच. त्याला जुने मोबाइल जमवायचा नाद आहे. काचेचं कपाट, आत दिवे आणि मधोमध विटेएवढा मोटोरोला डायनाटॅक. परदेशातून मागवलेला. म्हणाला, ‘सर, हा आपल्या बालपणीचा काळ.’ मी म्हटलं, ‘अरे, तुझ्या बालपणी आष्टीत हा पाहिला कुणी?’

तो हसला, पण माझ्या डोक्यातून तो प्रश्न जाईना. आज तोच तुमच्यापुढे मांडतो.

आधी हकीकत. 3 एप्रिल 1973 रोजी मार्टिन कूपर या अभियंत्याने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातातल्या फोनवरून पहिला कॉल केला, तोही प्रतिस्पर्धी कंपनीतल्या माणसाला. त्या फोनला बाजारात यायला आणखी दहा वर्षं लागली. किंमत जवळजवळ 4 हजार डॉलर, वजन पाऊण किलोच्या वर. चार्जिंगला दहा तास आणि बोलायला अर्धा तास. आवाजाची लहर जशीच्या तशी रेडिओलहरीवर चढवून पाठवायची, याला अ‍ॅनालॉग म्हणायचं. साधा स्कॅनर असला की तिसऱ्यालाही ऐकू यायचं.

आपल्याकडे 31 जुलै 1995 रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना कॉल केला आणि मोबाइल सुरू झाला, तो थेट डिजिटल. म्हणजे ज्या युगाच्या आठवणीने माझा विद्यार्थी गहिवरतो, ते युग त्याच्या गावावरून गेलंच नाही. ही उसनी आठवण आहे. उसनं घेणं वाईट नाही, पण घरचं विसरून उसनं जपणं, हे तपासलं पाहिजे.

आता दुसरी गोष्ट. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या. मी त्यांना थोर मानतो. पण तिथला अडकित्ता बाहेर काढला तर आजही सुपारी कातरेल. दिव्यात तेल-वात घातली तर उजेड पडेल. डायनाटॅक मात्र वाजणार नाही. त्यात बिघाड आहे म्हणून नव्हे, त्याला उत्तर देणारं जाळंच उरलं नाही म्हणून. 18 फेब्रुवारी 2008 नंतर अमेरिकेत अ‍ॅनालॉग जाळं चालू ठेवण्याची सक्ती संपली आणि कंपन्यांनी ते बंद करत आणलं. अडकित्ता एकट्याने पुरा असतो. फोन एकट्याने अर्धासुद्धा नसतो.

हायडेगरने 1927 साली ‘बीइंग अँड टाइम’मध्ये विचारलं होतं की संग्रहालयातली वस्तू आज समोर असते, तरी आपण तिला भूतकाळातली का म्हणतो? त्याचं उत्तर साधं आहे. वस्तू गेलेली नसते, ती ज्या जगात वापरात होती ते जग गेलेलं असतं. आपल्या न्याय-वैशेषिकांच्या भाषेत सांगायचं तर अभाव हाही एक पदार्थच आहे आणि तो नेहमी ‘कशाचा तरी’ असतो. नुसतं ‘नाही’ म्हणून भागत नाही. काय नाही, ते सांगावं लागतं. या कसोटीवर आमच्या विद्यार्थ्याचं कपाट नापास होतं. मॉडेल, साल, वजन, सगळं चिठ्ठीवर आहे. काय गेलं, ते कुठेच नाही.

मग आपल्याकडे गेलं काय? पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ. लाल आकड्यांचं पळतं मीटर आणि त्यावर खिळलेले डोळे. रात्री दर उतरायचे, म्हणून रात्रीच लागणारी रांग. त्याआधी ट्रंक कॉल. साधा, अर्जंट, लाइटनिंग. आणि ‘पी.पी. नंबर’. फोन शेजाऱ्याचा, पण कार्डावर छापलेला आपण!

माझीच गोष्ट सांगतो. 1978 साली मी परगावी नोकरीला होतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला फोन हाच माझा पी.पी. नंबर. एका सकाळी दुकानदाराची बायको धावत आली. ‘भाऊ, वडील जरा आजारी आहेत, लगेच निघा म्हणतात.’ मी निघालो. घरी पोहोचल्यावर कळलं, वडील पहाटेच गेले होते आणि फोनवर तिला तेच सांगितलं होतं. आठ तासांचा एसटीचा प्रवास मला एकट्याला करायचा आहे, हे ओळखून तिने शब्द बदलला. ते यंत्र आज कुणाच्या कपाटात असेलही. त्या बाईचा निर्णय कुठल्या कपाटात ठेवणार?

पण म्हणून त्या काळाची आरती ओवाळू नका. त्याच रांगेत उभी राहून सासुरवाशिणीला माहेरी फोनवर काय सांगता येत होतं? ‘बरं आहे’, एवढंच. मागे दहा कान असायचे. आपल्या तालुक्यातल्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जायच्या. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना बातमी मिळायची ती मुकादमाच्या तोंडून, त्याला हवी तेवढी. मध्ये माणूस असणं कधी माया होती, कधी पहारा. संग्रहाने हे दोन्ही जपलं तर तो इतिहास. एरवी ती नुसती महागडी हौस.

निघताना त्याने सहज एक खण उघडला. आत त्याच्या आईचा नोकिया 1100. टॉर्चवाला, 2003 सालचा. मी विचारलं, हा कपाटात का नाही? ‘सर, हा काय, सगळ्यांकडे होता.’ मी म्हटलं, बाळा, म्हणूनच तो मधोमध हवा. त्याच वर्षी मे महिन्यात इनकमिंग फुकट झालं आणि फोन गरिबाच्या खिशात आला. तुझी आई या फोनवर एकटी, आडोशाला जाऊन, पहिल्यांदा कुणाशी बोलली असेल? ते विचार आणि चिठ्ठीवर लिही.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. आईला विचारलं म्हणे. दोन तास बोलत होती. कपाट मात्र अजून तसंच आहे.

या सभागृहात साठीच्या पुढचे पुष्कळ जण बसले आहेत. ज्यांनी ट्रंक कॉलची वाट पाहिली, ज्यांनी निरोप पोहोचवले आणि ज्यांनी निरोपात बदल केले, ते सगळे अजून आहेत. हँडसेट पन्नास वर्षांनीही विकत मिळेल. तुम्ही मिळणार नाही. तेव्हा घरी गेल्यावर नातवंडांना जवळ बसवा आणि एक तरी कॉल सांगा.